मंगळावर कोणी जेवत नाही

गुलाब,

त्या रविवारी मी नेहमीसारखाच आलो. नागपूरच्या सक्करदऱ्याहून पार वाडीपर्यंत सायकल हाणत, मध्ये एकदा पंक्चर काढून, आणि खिशात तुझ्या कादंबरीतला एक नवा दोष घेऊन. दोष चांगला होता. नवव्या प्रकरणात तुझा नायक विश्वजित घुमटाच्या काचेला कपाळ टेकवून ढसाढसा रडतो. ज्या मंगळावर प्यायचं पाणी मापून मिळतं, तिथं हा गडी डोळ्यांतून एवढं पाणी वाया घालवतो आणि एकही शिपाई त्याला हटकत नाही, हे कसं काय? असं विचारायचं ठरवलं होतं. वाटेत दोनदा मनाशी म्हणून पाहिलं, आणि तुझं तोंड कसं होईल ते आठवून दोन्ही वेळा एकटाच हसलो.

तुझ्या खोलीसमोर चपलाच चपला होत्या. तुझ्याकडे इतकी माणसं कधी येत नाहीत, म्हणून मला आधी वाटलं, सत्यनारायण असेल. सायकल भिंतीला लावली तसा शेजारचा ट्रक ड्रायव्हर महादेव पुढे आला. "तुमाले कोनी सांगतलं नाही का?" एवढंच म्हणाला आणि माझा हात धरला. तुला जाऊन तीन दिवस झाले होते. गुरुवारी सकाळी गोदामात मालाच्या बिल्ट्या लिहिता लिहिता तू टेबलावर डोकं टेकलंस, हमालांना वाटलं साहेबाला डुलकी लागली, आणि संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलंही.

कोणी सांगणार तरी कसं? बारा वर्षं मी तुझ्याकडे येत होतो, पण माझा पत्ता तुझ्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हता. वहिनींना एवढंच माहीत, की यशवंतभाऊजी सक्करदऱ्याच्या तलावाकडे कुठेतरी राहतात. छापखान्यातून निवृत्त होऊनही मला दोन वर्षं झाली, तिथं तरी कोण विचारणार? मी तुमच्या घरचा रविवारचा माणूस. तू गुरुवारी गेलास.

वहिनी म्हणाल्या, "बसा, भाऊजी." मी बसलो. तुझ्या पत्र्याच्या खुर्चीवर कोणी बसलं नव्हतं. लोक तुझ्या साधेपणाबद्दल बोलत होते, नोकरीतल्या प्रामाणिकपणाबद्दल बोलत होते. तू एक कादंबरी लिहिली होतीस हे कोणीच बोललं नाही. मी बोलायला हवं होतं. पण त्या कादंबरीबद्दल चांगलं बोलायची मला सवयच नव्हती, आणि खिशात जे होतं ते तिथं बोलण्यासारखं नव्हतं.

तो दोष अजून खिशातच आहे. कोणाला सांगू?

तू छापखान्यात पहिल्यांदा आलास तो दिवस मला लख्ख आठवतो. आमच्याकडे लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणुकीची हँडबिलं आणि वर्षाकाठी एखाददुसरं पुस्तक छापलं जायचं. मी तिथला मुद्रितशोधक, म्हणजे दुसऱ्याच्या चुका काढून पोट भरणारा. तू खाकी पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढलास. रद्द झालेल्या बिल्ट्या होत्या त्या. ट्रकमध्ये माल चढवताना तू ज्या पावत्या फाडायचास, त्यांतल्या वाया गेलेल्या तू जपून ठेवल्या होत्यास आणि त्यांच्या कोऱ्या पाठींवर लिहिलं होतंस. पुढच्या बाजूने कापसाच्या गाठी अमरावतीला चालल्या होत्या, आणि मागच्या बाजूने मंगळावरचं सरकार पडत होतं.

"कादंबरी हाय," तू म्हणालास. "राजकीय हाय. पन मंगळावरची."

"मंगळावर कशाला? नागपुरात राजकारण कमी आहे का?"

"इथलं लिहिलं तं नोकरी जाईन नं गा. मंगळावरच्यायले कोनाची भीती?"

मला तू तिथंच आवडलास. पहिल्या भेटीत मला 'गा' म्हणणारा तू एकटाच. मी जन्मापासून नागपूरचा, पण आयुष्यभर छापील मराठीत बोलत आलो. लोक मला बिचकून 'अहो' म्हणायचे. माझं लग्न राहून गेलं त्याला तेही एक कारण असेल, असं तू नंतर म्हणायचास.

'मंगळाची उपराजधानी'. नाव काय झकास होतं! मंगळावर काचेचे दोन मोठे घुमट, एक पश्चिमेला, एक पूर्वेला. राजधानी आधी पूर्वेच्या घुमटात होती, ती पश्चिमेने नेली. मग पूर्वेच्या लोकांची समजूत काढायला सरकार दर हिवाळ्यात फायलींचे गठ्ठे घेऊन काही आठवडे इकडे येऊ लागलं. आलं की भाषणं, मोर्चे, जेवणावळी. गेलं की पुन्हा सामसूम. त्यात हवेचं रेशन. पूर्वेच्या कार्डावर हवा कमी. मग वेगळ्या घुमटाची मागणी, चळवळ, फंदफितुरी. तुझा मंगळ कुठे आहे हे नागपूरच्या वाचकाला सांगायची गरज नव्हती. माणूस चंद्रावर उतरल्याची बातमी रेडिओवर ऐकल्यापासून तू हे लिहीत होतास, दुपारच्या सुट्टीत, पोत्यांवर बसून.

कागदाची टंचाई होती. मालकांनी सांगितलं, दहा फॉर्म, वर एक पान नाही. फॉर्म म्हणजे सोळा पानं. तुझा मजकूर भरत होता पंधरा फॉर्म. "कमी करून आणा," मालक तुला म्हणाले, आणि तू ती पिशवी उचलून माझ्या टेबलावर ठेवलीस.

"तूच कर गा कमी. तुले समजते. मी कापतो म्हटलं तं माह्या हाताले कंप सुटते."

निवडणूक तोंडावर होती, हँडबिलांची घाई होती. मी आठवडाभरात, दोन कामांच्या मधल्या वेळात, लाल शाईने तुझी कादंबरी आटोपशीर केली. नायिकेला एक भारदस्त नावही दिलं, तेजोमयी. तू ती पानं पाहिलीस, हातात तोललीस आणि म्हणालास, "हलकी झाली." मी ते कौतुक समजलो. काय काढलं ते महिन्याभरात विसरलो. आमच्या धंद्यात सगळं डोळ्यांखालून जातं आणि डोक्यात काही उरत नाही.

पुस्तक निघालं. एका रविवारच्या पुरवणीत त्यावर आठ ओळी आल्या. लिहिणाऱ्याचं म्हणणं असं, की यातली पात्रं भाषण करण्यापुरती उभी राहतात आणि भाषण संपलं की विझतात. आणि या जगात राहावंसं वाटणं दूरच, तिथं कोणी राहत असेल असंही वाटत नाही. तू ते कात्रण गोदामातल्या टेबलाच्या काचेखाली ठेवलंस. त्याच्या पुढच्या रविवारी मी तुझं सांत्वन करायला पहिल्यांदा वाडीला आलो. पण सांत्वन मला जमत नाही. अर्धा चहा पिऊन झाल्यावर म्हणालो, "त्या टीकाकाराच्या नजरेतून एक दोष सुटला."

तू मान वर केलीस. "कोनता गा?"

"तुझ्या घुमटाला दार नाही. मोर्चा बाहेर कुठून पडला?"

तू असा हसलास की वहिनी आतून बाहेर आल्या. आठवडाभरात हे पहिल्यांदा हसले, असं त्या म्हणाल्या. मग मी पुढच्या रविवारीही एक दोष घेऊन आलो.

बारा वर्षं, दर रविवारी एक दोष. सायकलचा आवाज आला की तू विचारायचास, "आनला का?" आणि चहा होईपर्यंत आपलं भांडण चालायचं. मी म्हणालो, विश्वजित चालत अर्ध्या तासात एका घुमटातून दुसऱ्यात जातो आणि मंत्र्याच्या गाडीला दोन दिवस लागतात. तू म्हणालास, "मंत्र्याची गाडी सत्काराले थांबत थांबत जाते नं गा." मी म्हणालो, मंगळाला दोन चंद्र आहेत, तू पौर्णिमा म्हणतोस ती कोणत्या चंद्राची? तू म्हणालास, "जो सत्तेत असन त्याची." अशा वेळी मनातल्या मनात मी तुला सलाम करायचो. तोंडाने म्हणायचो, "पळवाट." हेच उत्तर कादंबरीत का नाही घातलंस, असं मी एकदा विचारलं. तू म्हणालास की लिहायला बसलं की विश्वजितच मध्ये येतो आणि भाषण ठोकतो.

माझा सगळ्यांत लाडका दोष मात्र तू कधी परतवला नाहीस. दोन-तीन महिन्यांनी नवीन काही सापडलं नाही की मी तोच काढायचो. "गुलाब, तुझ्या मंगळावर कोणी जेवत नाही. दीडशे पानांत एका माणसाला भूक लागत नाही, कोणाला घाम येत नाही, कोणी कोणाशी भांडत नाही. असा देश असतो का?"

"जेवत असतीन गा," तू म्हणायचास. "आपन पाहाले गेलो का तवा?" आणि लगेच वहिनींना हाक मारून विषय बदलायचास. मी समजायचो, जिंकलो.

एकदा मात्र मी हद्द केली. त्या रविवारी गोदामात माल उतरत होता म्हणून तू तिथंच होतास. हमाल जेवायला बसले होते. मी त्यांच्यासमोर म्हणालो, "ह्याला माणसं लिहिता येत नाहीत. पोत्यांसारखी आहेत सगळी. इथं चढवली, तिथं उतरवली. ह्याने बिल्ट्याच लिहाव्यात." हमाल हसले. तू हसला नाहीस. हातातली पेन्सिल कानावर ठेवलीस आणि पोती मोजायला गेलास. वहिनी तुझा डबा घेऊन आल्या होत्या, त्या एकदम माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, ते तं तुमीच..." एवढं त्या बोलल्या आणि तू लांबून जोरात हाक मारलीस, "शकू, पान्याचं पाहा वं जरा!" त्या पाणी पाहायला गेल्या. मला वाटलं, बायको नवऱ्याची बाजू घेते आहे. घ्यायलाच हवी.

पुढच्या रविवारी तू मला काहीच झालं नाही असं विचारलंस, "आनला का?" मी माफी मागणार होतो. मागितली नाही. तू विचारलंस म्हणून दोषच सांगितला.

आणि हे मी केलं कोणाशी? माझ्या मोतीबिंदूच्या वेळचा तूच नं तो? दोन्ही डोळ्यांवर पट्टी, खोलीत पाण्याचा पेला कुठे आहे हेही मला कळेना. तू मला विचारलंसुद्धा नाहीस. गोदामात आलेला एक परगावचा ट्रक घेऊन सक्करदऱ्याला आलास, गादीसकट मला ड्रायव्हरशेजारी बसवलंस आणि वाडीला आणून तुमच्या एकुलत्या एका पलंगावर टाकलंस. तुम्ही दोघं खाली झोपलात. वहिनी माझ्या हातात घास देऊन सांगायच्या, "ही भाकर, ही भाजी, आन हे मिरचीचं टोक, याले हात लावू नोका." इतकी वर्षं मला कोणी जेवू घातलं नव्हतं. ते मी त्यांना सांगितलं नाही, पण मला फार बरं वाटत होतं.

दुपारी तू मला पेपर वाचून दाखवायचास. एका दुपारी पेपर संपला तेव्हा म्हणालास, "थांब, दुसरं काही वाचतो." कागदांची सळसळ झाली. तू वाचू लागलास. एका गावात पाण्याची रांग. कौशल्या नावाची बाई आपली बादली रांगेत ठेवून लेकीला पाजायला गेली आहे. परत येते तर बादली मागे सरकवलेली. मागची बाई म्हणते, "बादलीले का तहान लागली वं? तहान तुले लागली, तं तूच उभी राय." कौशल्या म्हणते, "माह्या बादलीले तुह्यापरिस जास्त अक्कल हाय. गप तं राहते." भांडण असं पेटतं की दोघींच्या माहेरांपर्यंत जातं. आणि मग रांगेतली एक म्हातारी चक्कर येऊन पडते. या दोघी भांडण जराही न थांबवता, एकमेकींना शिव्या देत देत, आपापल्या वाट्याचं पाणी तिच्या तोंडात घालतात.

मी पट्टीखाली हसत होतो आणि शेवटी मला रडू यायला लागलं. डोळ्यांत पाणी येऊ द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी म्हणालो, "कोणाचं रे हे?"

"असंच. वाचलं कुठंतरी."

"बघ," मी म्हणालो, "याला लिहिणं म्हणतात. असं लिहायला शीक."

तू कागद खाली ठेवलेस. मग हसू लागलास. इतका हसलास की ठसका लागला. चुलीपाशी वहिनींनाही हसू आलं. त्या का हसतात ते मला कळेना, पण दोघं हसताहात म्हणून मीही हसलो. त्या खोलीत मी इतका आनंदात कधी नव्हतो.

तुझ्या तेरवीला मी आलो होतो. पंगत उठल्यावर वहिनींनी मला बाजूला बोलावून एक गठ्ठा दिला. लाल दोरीने बांधलेल्या बिल्ट्या. "हे तुमच्याच कामाचं असन," म्हणाल्या. त्यांचा चेहरा कठोर होता. दुःखाने असेल असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलावाच्या काठावर बसून मी दोरी सोडली. सगळीकडे लाल शाई. पानंच्या पानं आडव्या रेघेने कापलेली, आणि समासात बारीक अक्षर. ते अक्षर ओळखायला मला चष्मा पुसायची गरज नव्हती. 'कथेशी संबंध नाही.' 'अनावश्यक.' 'गांभीर्याला बाधक.' मी भाषणांना हात लावला नव्हता. भाषणं वजनदार होती, राजकीय कादंबरीला शोभणारी होती. मी पाच फॉर्मांची माणसं कापली होती. घुमटाच्या दारावर झोपणारा पहारेकरी कापला होता, म्हणजे दारही तुझ्या मंगळाला होतं. मारोती हमाल कापला होता. जेवणाच्या सुट्टीत तो घुमटाखाली फडकं पसरतो, झुणका-भाकर काढतो, बुक्कीने कांदा फोडतो, आणि आपल्यावर बंदूक रोखून उभ्या असलेल्या शिपायाला म्हणतो, "हात दुखले असतीन तुहे. ये, दोन घास खा, मंग पुन्हा रोख." त्यावर मी लिहिलं होतं, 'मंगळावर कांदा?'

आणि मग रांग आली. पाण्याची नाही, हवेची. "टाकी का श्वास घेते वं? श्वास तुले पाहिजे, तं तूच उभी राय." कौशल्या. म्हातारी. दोघी भांडत भांडत आपापल्या टाकीची नळी तिच्या तोंडाला लावतात. अख्खं प्रकरण एका रेघेत गेलं होतं. कादंबरीत कौशल्येची उरली होती दोन भाषणं, आणि त्यांच्यावर मी तेजोमयी असं नाव लिहिलं होतं. त्या दुपारी तू हवेच्या जागी पाणी आणि टाकीच्या जागी बादली वाचत गेलास. माझे डोळे बांधलेले होते. त्याआधी तुझं लिहिणं मी कधी ऐकलंच नव्हतं, नुसतं तपासलं होतं.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. तुझ्या ताटातली भाकर मी काढून घेतली आणि बारा वर्षं तुला विचारत राहिलो, तुझ्याकडे कोणी जेवत का नाही?

आणि तू एकदाही बोलला नाहीस! मला राग आला, गुलाब. आधी तुझाच आला. एखाद्या रविवारी हा गठ्ठा माझ्या तोंडावर का नाही फेकलास? की तुला खरंच वाटलं होतं, ती पानं टाकाऊच होती, छापखान्यातल्या माणसाला जास्त समजतं? हे वाटलं असेल तर त्याच्याइतकं वाईट दुसरं काही नाही. ते मला विचारायचं आहे, आणि आता कोणाला विचारायचं ते कळत नाही. तलावाच्या काठावर बसून मी रडलो. कपडे धुणाऱ्या बायका होत्या, लोक येत-जात होते. कोणी हटकलं नाही. विश्वजितबद्दलचा माझा दोष बहुधा चुकीचाच होता.

त्या रविवारी मी वाडीला गेलो नाही. सायकल बाहेर काढली, चाकात हवा भरली आणि पुन्हा आत ठेवली. कोणत्या तोंडाने जायचं? वहिनींना सगळं माहीत आहे, त्या दिवशी गोदामातही त्या हेच सांगणार होत्या, हे आता माझ्या लक्षात आलं होतं. पुढच्या रविवारीही गेलो नाही. माझ्याकडे यायला कोणी नव्हतंच, आता मला जायलाही जागा उरली नव्हती. दिवसभर पलंगावर बसून होतो. संध्याकाळी माझ्या ध्यानात आलं, की सकाळपासून मी एक शब्दही बोललो नाही आणि जेवलोही नाही.

तिसऱ्या रविवारी महादेव माझ्या दारात उभा. तलावाभोवतीच्या गल्ल्यांमध्ये 'जाड चष्म्याचे, छापील बोलनारे' असं विचारत विचारत आला होता.

"वहिनीनं बोलावलं. म्हने, सायकलनं येत नसन तं ट्रकात टाकून आन."

मी गठ्ठा घेतला आणि ट्रकमध्ये बसलो.

वहिनींनी चहा आधीच टाकला होता. मी खाली मान घालून बसलो. "मले माहीतच होतं तुमी येनार नाही," त्या म्हणाल्या.

"वहिनी, मला खरंच आठवत नव्हतं. आईशपथ सांगतो."

"ते बी माहीत हाय. ह्यायनंच सांगतलं. तो विसरला म्हने, मुद्दाम नाही करत." त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला. "त्या दिवशी गोदामात तुमी बोलले, तवा मी लई चिडली होती. घरी आल्यावर म्हटलं, आता मी सांगतेच त्यायले. तं म्हने, शकू, त्याले सांगू नोको. त्याले समजलं तं तो येनं बंद करीन. मंग रविवारी मी कोनाची वाट पाहू?"

मी कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"आता ते गेले," त्या म्हणाल्या. "मी काहून धरून बसू? म्हनून तो गठ्ठा देला तुमाले. आन ह्यायनं सांगतलं तसंच केलं तुमी."

गुलाब, तुला माणसं लिहिता येत नाहीत असं मी चारचौघांत म्हणालो होतो. तू मला पुरता ओळखून होतास. मी काय करीन, कोणत्या दिवशी करीन, सगळं तुला माहीत होतं, आणि ते होऊ नये म्हणून तू बारा वर्षं स्वतःची थट्टा करून घेतलीस. एवढी किंमत माझ्या येण्याला कोणी दिली नव्हती. तू सांगितलं असतंस तर मी आलो नसतो, हेही खरं. तेव्हा मी लाजलो असतो आणि घरात बसून राहिलो असतो. तू बरोबर होतास आणि मला ते अजिबात बरं वाटत नाही.

"वाचा नं, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "इतक्या दिवसांत कोनी वाचलं नाही घरात."

मी दोरी सोडली आणि हवेची रांग वाचू लागलो. लाल रेघेखालून वाचायला वेळ लागत होता. कौशल्येच्या भांडणाशी आलो तशा वहिनी मध्येच म्हणाल्या, "असं नोतं म्हटलं मी! मी तं तिले अजून लई काही म्हटलं होतं. ह्यायनं सोडून देलं ते." तेव्हा मला कळलं, की ते भांडण वाडीच्या नळावरचं आहे. मग मारोतीचं जेवण वाचलं. फडकं, भाकर, कांदा. शिपाई बंदूक भिंतीला टेकवून मांडी घालतो आणि म्हणतो, "मीठ हाय का?" तिथं ते प्रकरण संपतं.

मी पानं मांडीवर ठेवली आणि थांबलो. ही तुझी विचारायची वेळ. वहिनी कप उचलून आत गेल्या. बाहेर अमरावती रोडवर ट्रक चालले होते. कोणी विचारलं नाही, आनला का म्हणून.

मग मीच तुझ्या खुर्चीकडे पाहून सांगितलं. "काही नाही सापडलं, गुलाब. सगळे जेवून राहिले गा."